पाठ दूरचा, शिक्षक जवळचा

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील खेड्यात राहणाऱ्या मुलास माध्यमिक शिक्षण घ्यावयाचे, तर त्याच्यापुढे पहिली अडचण अभ्यासाची नसे, अंतराची असे. गावात चौथीपर्यंत शाळा असली तरी पुष्कळ झाले. हायस्कूल मात्र जिल्ह्याच्या किंवा संस्थानाच्या ठिकाणी. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिकू शकले, कारण राहावयास तेथे जैन बोर्डिंग होते. पुढे १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. हा इतिहास आपल्या वाचकांस परिचित आहे. अंतराच्या प्रश्नाला कर्मवीरांनी दिलेले उत्तर सरळ होते: मुलाला शाळेजवळ आणावे, त्याच्या राहण्याजेवण्याची सोय करावी, आणि गुरूच्या नजरेखाली त्यास वाढू द्यावे.

याच प्रश्नाला जगात दुसरेही एक उत्तर शोधले जात होते. मुलाला शाळेपर्यंत आणता येत नसेल, तर शाळाच मुलापर्यंत पाठवावी, असे ते उत्तर. टपाल, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह आणि शेवटी इंटरनेट, जे वाहन हाती आले त्यावर पाठ चढवून तो दूरच्या मुलाकडे रवाना केला गेला. २०२० सालच्या महामारीत घराघरांतून ‘ऑनलाइन’ हा शब्द रुळला, आणि त्यापाठोपाठ ऑनलाइन व प्रत्यक्ष शिक्षण यांचा मेळ घालणारे ‘संमिश्र अध्ययन’ हेही चर्चेत आले. ही कल्पना जणू कालपरवा जन्मली असा अनेकांचा समज झाला. वास्तविक तिला निदान शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि दूरचा पाठ कोठे रुजला व कोठे वाया गेला, याची साक्ष त्या इतिहासात जागोजाग सापडते.

इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र कोठेही पोहोचविण्याची सोय झाली, आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने दिलेला उतारा लघुलिपीत लिहून पाठवावयाचा, आणि पिटमन यांनी तो तपासून परत करावयाचा, असा क्रम होता. येथे लक्षात घेण्याजोगे आहे ते उत्तराचे परत येणे. पुस्तक तर पूर्वीही दूर जात होते. तपासलेला कागद परत आला तेव्हा त्या व्यवहारास शिक्षणाचे रूप आले.

प्रौढ, होतकरू कारकुनास टपालाचा पाठ पुरे झाला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे तसे नसते. त्याला पाठ मिळतो, पण बैठक नसते. शंका येते, पण ती लिहून कळविण्याची चिकाटी नसते. अमेरिकेत पत्रद्वारा अभ्यासक्रम घेणाऱ्यांपैकी अनेक जण तो अर्ध्यावर सोडून देत, हे ठाऊक असल्यामुळेच मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर या गावच्या शाळांनी १९२३ मध्ये एक निराळी वाट धरली. लहान गावातील हायस्कुलास प्रत्येक व्यवसायविषयाचा शिक्षक नेमणे परवडणारे नव्हते. तेव्हा पाठ बाहेरून टपालाने मागवावयाचे, परंतु विद्यार्थ्याने ते शाळेच्या वेळात, शाळेच्याच खोलीत, एका स्थानिक शिक्षकाच्या देखरेखीखाली करावयाचे, असे ठरले. त्या शिक्षकास तो विषय यावाच असे बंधन नव्हते. मुलगा वेळेवर बसला की नाही, कोठे अडला, उत्तरे रवाना झाली की नाही, एवढे त्याने पाहावयाचे. पुढे १९२९ पासून नेब्रास्का विद्यापीठानेही दूरदूरच्या खेड्यांतील माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी असे पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. आजच्या संमिश्र अध्ययनाचे बीज बेंटन हार्बरच्या त्या खोलीत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. पाठ दूरचा होता, पण शेजारी कोणीतरी होते.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील गुराख्यांच्या वस्त्या एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर. तेथे आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस पायाने पेडल मारून चालणारे बिनतारी यंत्र तयार केले. त्यामागचा हेतू विमानाने येणाऱ्या डॉक्टरास निरोप देता यावा एवढाच होता. अ‍ॅडिलेड मीत्के या शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या मनात आले की, ज्या यंत्रावरून रोग्याची हकीकत सांगता येते त्यावरून मुलांचा वर्गही भरवता येईल. १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे ‘आकाशातील शाळा’ अधिकृतपणे सुरू झाली. तिचा पसारा आज तेरा लाख चौरस किलोमीटरांचा सांगितला जातो. पण या शाळेचा खरा आधार घरातच असे. प्रत्येक वस्तीवर मुलाची आई किंवा नेमलेली शिकवणीबाई त्याच्याजवळ बसे. शिवाय शिक्षक वस्त्यांना भेटी देत, आणि मुलांना काही दिवस अ‍ॅलिस स्प्रिंग्जला एकत्र आणले जाई, तेव्हा महिनोन्‌महिने केवळ आवाजाने ओळखीचे असलेले वर्गबंधू एकमेकांचे तोंड प्रथमच पाहत. एवढे असूनही ही शाळा नववीच्या पुढे गेली नाही. त्यापुढच्या शिक्षणासाठी पुष्कळ मुलांना वसतिगृहाचाच रस्ता धरावा लागे. कर्मवीरांचे उत्तर त्या वाळवंटातही टळले नाही.

दूरचा पाठ आणि जवळची माणसे यांचा संबंध तपासून पाहण्याचा एक फार मोलाचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला, आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणास नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांत १५० गावी ‘रेडिओ ग्रामसभा’ भरविल्या. श्रोते शेतकरी होते, शाळकरी मुले नव्हेत. तथापि शिक्षणाच्या दृष्टीने या प्रयोगाची मांडणी विलक्षण होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रसारित होई. प्रत्येक गावी वीसेक माणसे तो एकत्र बसून ऐकत, मग यंत्र बंद करून त्यावर चर्चा करीत. एक जण टिपण घेई आणि शंका केंद्राकडे पाठवी. पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे दिली जात. पॉल न्यूराथ या अभ्यासकाने टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत त्याचे मूल्यमापन केले. तुलनेसाठी त्यांनी रेडिओ असलेली पण सभा न भरणारी गावे घेतली, तशीच रेडिओच नसलेली गावेही घेतली. जेथे सभा भरत होती तेथे लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढले. जेथे नुसता रेडिओ होता तेथील वाढ त्या मानाने किरकोळ निघाली.

आवाज सर्वत्र तोच होता, शब्दही तेच होते. फरक पडला तो यंत्र बंद झाल्यानंतरच्या बैठकीने. पुढील साठ वर्षांत जगभर कोट्यवधी रुपये खर्चून जे पुन्हा पुन्हा शिकावे लागले, ते मराठी गावांच्या चावडीवर त्या उन्हाळ्यापूर्वीच सिद्ध झाले होते.

शाळांकडे वळावयाचे तर भारतात माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी दूरचित्रवाणीचा पहिला मोठा प्रयोग दिल्लीत १९६१ मध्ये फोर्ड प्रतिष्ठानच्या साह्याने झाला. राजधानीतील शाळांना त्या वेळी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राचे पात्र शिक्षक पुरत नव्हते आणि प्रयोगशाळा तर त्याहून अपुऱ्या होत्या. तेव्हा प्रयोग स्टुडिओत करून दाखवावयाचे आणि वर्गशिक्षकाने आधी प्रस्तावना व मागाहून उजळणी घ्यावयाची, अशी योजना होती. दिल्लीबाहेर मात्र ती फार पसरली नाही. १९७५-७६ चा प्रसिद्ध उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत पोहोचला; परंतु त्यातील शालेय कार्यक्रम प्राथमिक वयाच्या मुलांसाठी होते, आणि त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

दिल्लीत जे अर्ध्यावर राहिले ते मेक्सिकोने तडीस नेले. त्या देशाच्या डोंगराळ व ग्रामीण भागात प्राथमिक शाळा होत्या, पण सातवी ते नववीचे वर्ग नव्हते. प्रत्येक विषयाचा स्वतंत्र शिक्षक अशा गावी जाण्यास तयार होईना. आल्व्हारो गाल्वेस इ फुएन्तेस यांच्या पुढाकाराने १९६८ च्या आरंभी ‘टेलेसेकुंदारिया’, म्हणजे दूरचित्रवाणीवरील माध्यमिक शाळा, सुरू झाली. पहिल्या वर्षी ३०४ वर्ग आणि ६,५६९ विद्यार्थी होते. तासाच्या आरंभी पंधरावीस मिनिटे पडद्यावर विषयतज्ज्ञाचा पाठ चाले. नंतर संच बंद होई आणि उरलेला वेळ वर्गातील शिक्षकाचा. तो एकटाच सर्व विषयांचा सांभाळ करी. आरंभीचे हे शिक्षक बहुतेक प्राथमिक शाळांतून आलेले होते. बीजगणितात ते पारंगत असतील अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पाठ समजला का हे विचारणे, पुस्तकातील उदाहरणे करवून घेणे, चुकलेल्यास पुन्हा समजावणे, हे त्यांचे काम.

१९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या शाळांची पाहणी केली, तेव्हा तेथील मुलांची प्रगती नेहमीच्या शाळांतील मुलांहून कमी नसल्याचे आणि खर्च मात्र कमी असल्याचे आढळले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे विद्यार्थी दहा लाखांच्या घरात गेले. (१९९४ पासून तिचे पाठ ज्या उपग्रहजाळ्यावरून जात त्याचे नाव ‘एदुसात’. भारताने २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या शैक्षणिक उपग्रहाचे नावही ‘एज्युसॅट’च, हा योगायोग गमतीचा खरा.) सर्व काही गोड झाले असे मात्र नाही. पुढील काळातील परीक्षांत या शाळा शहरी शाळांच्या मागे राहिल्या. त्यांत येणारी मुलेही अधिक गरीब घरांची होती, त्यामुळे दोष पद्धतीचा किती आणि परिस्थितीचा किती, याचा निवाडा सोपा नाही. पण टेलेसेकुंदारिया नसती तर यांतील बहुतेक मुलांची शाळा सहावीतच संपली असती.

आपल्याकडे या काळात बाहेरून परीक्षा देणाऱ्याची वाट ‘सतरा नंबरच्या फॉर्म’वरून जात असे. शाळा सुटलेला मुलगा तो अर्ज भरून दहावीस बसू शके. कित्येकांच्या आयुष्याचे त्याने सोने केले, यात शंका नाही. पण त्या अर्जाने परीक्षेचे दार उघडे, शिकविण्याची हमी मिळत नसे. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने सुरू केलेल्या मुक्त शाळेने केला. १९८९ मध्ये ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्वतंत्र झाली व २००२ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाते. घरी स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग, अशी तिची दुहेरी रचना आहे. पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि मराठी मुलांच्या एका पिढीने तिचे कार्यक्रम आवडीने पाहिले. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. तीनच वर्षांनी राज्यातील सर्व शाळांना घरी पाठ पोहोचविण्याची गरज पडणार होती. ते कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरीही ती चुटपूट लागून राहतेच.

इंटरनेटने पाठाचे वहन स्वस्त केले, इतके की ते जवळजवळ फुकट झाले. अमेरिकेत १९९७ च्या सुमारास फ्लोरिडा व मॅसॅच्युसेट्स येथे माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी पूर्णपणे संगणकावरच्या शाळा निघाल्या. या इतिहासाला वळण मिळाले ते मात्र डोंगरातील एका साध्या हायस्कुलात. कोलोरॅडो राज्यातील वुडलँड पार्क येथे जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हे दोघे रसायनशास्त्र शिकवीत. खेळाच्या स्पर्धांसाठी मुलांना बसने लांब लांब जावे लागे, आणि दिवसाचे शेवटचे तास बुडत. बुडालेला पाठ प्रत्येकास पुन्हा सांगता सांगता दोघेही थकून गेले. २००७ साली त्यांनी आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवण्यास सुरुवात केली. हेतू एवढाच की गैरहजर मुलाने ते पाहावे. पुढे दिसून आले की हजर असलेली मुलेही उजळणीसाठी तेच पाहत आहेत. तेव्हा सॅम्स यांच्या मनात विचार आला की, मुलाला शिक्षकाची खरी गरज कोणत्या क्षणी असते? फळ्यावर समीकरण उतरवून घेताना ती नसते. घरी गणित सोडवताना मध्येच अडते, त्या क्षणी असते, आणि त्या वेळी शिक्षक जवळ नसतो.

मग २००७-०८ च्या वर्षी त्यांनी क्रमच उलटा केला. पाठ घरी पाहून यावयाचा आणि गृहपाठ वर्गात करावयाचा. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते त्यांना तबकड्या भरून दिल्या. वर्गाचा सारा वेळ आता प्रयोगांना आणि अडलेल्या मुलांना मिळू लागला, आणि शिक्षक दररोज जवळजवळ प्रत्येक मुलाशी बोलू शकू लागला. ‘उलटा वर्ग’ या नावाने ही पद्धत पुढे जगभर गेली. पूर्वीच्या सर्व प्रयोगांत शिक्षक कमी होते म्हणून पडदा आणला गेला होता. येथे शिक्षक उत्तम होते, वर्गही भरत होता. आणि पडदा आणला तो त्या शिक्षकास फळ्यापासून मोकळे करून मुलाच्या बाकापर्यंत नेण्यासाठी.

या पद्धतीचा गाजावाजा पुष्कळ झाला, म्हणून एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. २००९ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. संमिश्र पद्धतीने शिकणाऱ्यांचे निष्पन्न नुसत्या प्रत्यक्ष वर्गापेक्षा काहीसे सरस दिसते, असा त्याचा निष्कर्ष सर्वत्र उद्धृत झाला. त्याच अहवालाने दिलेले दोन इशारे मात्र क्वचितच उद्धृत होतात. एक, अशा विद्यार्थ्यांना बहुधा अधिक वेळ आणि अधिक साहित्य मिळालेले असते, त्यामुळे श्रेय केवळ माध्यमाचे मानता येत नाही. दुसरा, शालेय वयाच्या मुलांवरचे अभ्यास फारच थोडे आहेत. नुसत्या यंत्राचे काय होते हे पेरू देशात दिसून आले. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करणाऱ्या अभ्यासकांना, मुलांच्या हाती लॅपटॉप आल्याने भाषेत वा गणितात प्रगती झाल्याचे आढळले नाही.

भारतातील विश्वसनीय पुरावा त्यानंतर दिल्लीतून आला. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी २०१५ साली सरकारी शाळांत शिकणाऱ्या, मुख्यतः सहावी ते नववीच्या ६१९ मुलांचा अभ्यास केला, आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून त्यांपैकी निम्म्या मुलांना शाळेनंतर ‘माइंडस्पार्क’ केंद्रांत जाण्याची मोफत संधी दिली गेली. तेथील दीड तासाची विभागणी पाहण्यासारखी होती. पंचेचाळीस मिनिटे संगणकासमोर, जेथे प्रत्येकास त्याच्या पायरीचे प्रश्न येत. आणि पंचेचाळीस मिनिटे बारापंधरा जणांच्या गटात, एका मदतनीस शिक्षकाबरोबर. सुमारे साडेचार महिन्यांनी पाहता या मुलांची गणितातील प्रगती इतरांच्या दुपटीहून अधिक व हिंदीतील प्रगती सुमारे अडीचपट आढळली.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट उघडकीस आली, आणि ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. आरंभीच्या चाचणीत सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि नववीतील साडेचार इयत्ता. म्हणजे नववीच्या बाकावर बसलेल्या मुलापुढे नववीचे बीजगणित मांडले जात होते, आणि त्याचे अंकगणित पाचवीच्या आसपासच अडलेले होते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाने कोणासाठी थांबावे? संगणकाने प्रत्येकाची पायरी ओळखली, हा त्याचा गुण निर्विवाद. परंतु यशातला वाटा संगणकाचा किती आणि गटातल्या शिक्षकाचा किती, हे या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. शाळेच्या गणिताच्या परीक्षेतही खात्रीने सांगण्याजोगा फरक दिसला नाही, कारण ती परीक्षा इयत्तेची होती आणि मुले अजून मागच्या पायऱ्या चढत होती.

हे सर्व प्रयोग निवडक गावांचे व निवडक वर्गांचे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला, आणि तयारी असो वा नसो, सबंध महाराष्ट्र एका रात्रीत दूरच्या पाठावर येऊन पडला. पाठ्यपुस्तकांत त्याआधीच क्यूआर संकेत छापले गेले होते. ते पुस्तकांत आणण्यात माढा तालुक्यातील परितेवाडी जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांच्या प्रयोगाचा मोठा वाटा होता, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण संकेत उघडावयाचा तर हाती स्मार्टफोन हवा. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. अनेक घरांनी पोटाला चिमटा घेऊन तो घेतला असणार. आणि २०२१ च्या पाहणीत, स्मार्टफोन असलेल्या घरांतूनही सुमारे चौथा हिस्सा मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जाई, किंवा धाकट्याचा आणि मोठ्याचा तास एकाच वेळी येई.

जेथे फोन नव्हता तेथे शिक्षकांनी जुनीच साधने नव्याने शोधली. पालघर जिल्ह्यातील काही आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ लावले गेले आणि मुले अंतर राखून भोवती बसली. सोलापूरच्या निलमनगर या कामगार वस्तीत घरांच्या भिंतींवर पाठ रंगविण्यात आले, म्हणजे येताजाता मुलांनी ते वाचावेत. कित्येक गावी शिक्षक पारावर व देवळाच्या ओसरीवर पाचसहा मुलांचे गट घेत. पुण्याच्या रेडिओ ग्रामसभेशी या सर्वांचे जवळचे नाते आहे, हे त्यांतील फार थोड्यांस माहीत असेल.

२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास राज्याने परवानगी दिली, आणि संमिश्र अध्ययन प्रथमच शासकीय आदेशाचा विषय झाले. पालकांचे लेखी संमतिपत्र आवश्यक. निम्मी मुले एका दिवशी, निम्मी दुसऱ्या दिवशी. गणित, विज्ञान व इंग्रजी यांसारखे विषय शाळेत आणि बाकीचे घरून, अशी विभागणी सुचविण्यात आली. शिक्षण खात्याच्या आकड्यांनुसार पहिल्या दिवशी सुमारे तीन लाख मुले हजर होती, आणि या चार इयत्तांची पटसंख्या साठ लाखांच्या आसपास होती. विषयांची ही वाटणी साथीच्या धास्तीने ठरली होती, तरी तिच्यात एक गृहीतक दडलेले होते. ज्यात मूल हमखास अडते ते शिक्षकासमोर व्हावे, हे ते गृहीतक. मात्र मराठी आणि इतिहास घरी आपोआप होतात, असे कोणी ठरविले? निबंध लिहिताना अडणारा मुलगा कोणाकडे पाहणार, याचा विचार त्या वाटणीत झालेला दिसत नाही. शिक्षकांची तर दुहेरी ओढाताण झाली. सकाळी समोरच्या निम्म्या वर्गास शिकवावयाचे, आणि दुपारी तेच पाठ फोनवरून उरलेल्यांस. वुडलँड पार्कच्या शिक्षकास पडद्याने वेळ मिळवून दिला होता. येथे त्याच पडद्याने होता तो वेळही खाल्ला.

२०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचे गुण व शाळेतील मूल्यमापन यांवरून निकाल लावण्यात आला, आणि तो ९९.९५ टक्के लागला. ४ ऑक्टोबर २०२१ पासून गावांत पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग पुन्हा भरू लागले. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संमिश्र अध्ययनाचा स्वतंत्र उल्लेख आला होता, आणि त्यात प्रत्यक्ष शिक्षणाचे महत्त्व मान्य करूनच निरनिराळ्या विषयांसाठी निरनिराळे नमुने शोधावेत असे म्हटले होते.

मार्च २०२२ मध्ये दहावीची लेखी परीक्षा दोन वर्षांनी पुन्हा झाली. केंद्र शक्यतो ज्याच्या त्याच्या शाळेतच देण्यात आले, आणि अभ्यासक्रमाचा चौथा हिस्सा वगळण्यात आला. राज्य मंडळाने आणखी एक सवलत दिली. सत्तर ते शंभर गुणांच्या प्रश्नपत्रिकेस अर्धा तास, आणि चाळीस ते साठ गुणांच्या प्रश्नपत्रिकेस पाव तास वेळ वाढवून देण्यात आला. कारण दीड-दोन वर्षे पाठ पाहिले व ऐकले गेले होते, आणि या काळात मुलांचा हाताने लिहिण्याचा सराव मोडला होता.